अंगाचं माप

ती गेली हे मला कळलं तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. गिऱ्हाईक आरशासमोर स्टुलावर उभं होतं. त्याच्या पँटचा एक पाय दुमडून टाचून झाला होता, दुसरा राहिला होता, आणि दुकानातला फोन वाजला. शिंप्याचं अर्धं आयुष्य ओठांत टाचण्या धरून जातं. हं आणि अंहं एवढ्यावर सगळी बोलणी भागतात. मी फोन उचलून "हं" म्हटलं. पलीकडे एक अनोळखी बाई होती. ती म्हणाली, गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, दिवे उघडमीट करताहेत, आत एक बाई बसलेल्या आहेत, त्यांच्या मोबाइलमध्ये पहिला नंबर तुमचा आहे. "हं," मी म्हटलं. मग ती थांबली आणि म्हणाली, डॉक्टर येऊन बघून गेले, आता काही करण्यासारखं नाही. मी परत "हं" म्हटलं. तिला वाटलं असेल, हा माणूस फार धीराचा आहे. टाचण्या एकदम थुंकता येत नाहीत. एकेक काढून मनगटावरच्या गादीत खोचावी लागते. मी खोचत राहिलो. गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे बघत म्हणालं, "मास्तर, दुसरा पाय राहिला." मी खाली बसलो आणि दुसरा पायही टाचला. का टाचला ते मला आजही सांगता येणार नाही. हात आपले काम करत होते, एवढंच.

बायको मलाच न्यायला येत होती. रोज यायची. पाणीखात्यात नमुने गोळा करायचं तिचं काम होतं. गावभर हिंडून कुठल्या शाळेचा नळ, कुठल्या वस्तीची टाकी, कुठला दवाखाना, असं बाटल्या भरत फिरायचं, त्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि प्रयोगशाळेत पोचवायच्या. पेटी तिच्या सीटच्या मागे खाली ठेवलेली असायची. दिवसभर बर्फ वितळायचा, पेटीच्या कोपऱ्यातून ठिबकायचा आणि पायपुसण्याच्या खाली मुरायचा. मी म्हणायचो, अगं, पेटी बदल. ती म्हणायची, पेटी सरकारी आहे, गळते पण निवृत्त होत नाही. तर अशी वर्षानुवर्षं ती गाडी आतून भिजत होती, आणि बाहेरून मात्र ती दर सुट्टीला गाडीला आंघोळ घालायची. मी शेजारच्या सीटवर बसायचो आणि तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर बघत घरी यायचो. तिला छातीत काय झालं, किती वेळ झालं, कुणालाच माहीत नाही. पण तिने वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, दिवे लावले. मागून येणाऱ्या एका माणसालाही हॉर्न वाजवावा लागला नाही. हे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवतो. लोक म्हणतात, देवाने सोडवलं, यातना झाल्या नाहीत. मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच कळतं, की शेवटचं काम तिने नीट केलं.

गाडी माझ्या मेहुण्याने ओढून आणली आणि घरामागच्या शेडमध्ये लावली. मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याचं फाटकं आणि जाळ्या बनवायचं वर्कशॉप आहे. लग्नात तो माझे बूट लपवणाऱ्यांपैकी होता, आता त्याच्या भुवया ठिणग्यांनी कायमच्या विरळ झाल्या आहेत. त्यानंतर गाडी तपासणीला न्यायची वेळ आली. तपासणीवाल्याने गाडीखाली जाऊन पेचकस टेकवला, तर तो बिस्किटात जावा तसा आत गेला. गाडीच्या आतल्या, मागच्या पत्र्याच्या जमिनीला भोकं होतीच, पण खरी गोष्ट म्हणजे चालकाच्या दाराखालची ती लांब पोकळ पट्टी, जिला मेहुणा उंबरा म्हणतो, ती आतून पार गंजून गेली होती. "रंगाने धरून ठेवलंय सगळं," तपासणीवाला म्हणाला. "उंबरा गेला म्हणजे गाडीचा कणा गेला. नवा घाला, नाहीतर नंबर रद्द होईल." मुलगी त्या वेळी माझ्याबरोबर होती. ती दुसऱ्या गावी नोकरी करते, सुट्टीला येते. परत येताना मेहुण्याच्या टेम्पोत आम्ही तिघं दाटीने बसलो होतो, मागे दोरीला गाडी. मुलगी म्हणाली, "बाबा, देऊन टाका ना भंगारात. आई त्यात…" मी म्हटलं, "आईने ती आपटली नाही. कुठे घासलीसुद्धा नाही. जिने जाता जाता गाडी सांभाळली तिची गाडी मी दाबून तिचा ठोकळा करू?" मुलगी म्हणाली, "बरं. ह्या खेपेला पास झाली तर ठेवा. नाही झाली तर मी स्वतः भंगारवाल्याला फोन करीन, आणि तुम्ही आडवं यायचं नाही." मी हो म्हटलं. मेहुणा म्हणाला, "आणि हे करणार कोण? मी फाटकवाला माणूस. माझी फाटकं हत्तीने धडक मारली तरी हत्तीलाच खोक पडेल. असल्या पापडाएवढ्या पत्र्याला माझा हात लागला की भोक." मी म्हटलं, "तू शिकव. मी करतो." तो हसला. मुलगीही हसली, बऱ्याच काळाने. "बाबा, तुम्ही बल्ब बदलायलासुद्धा आईला हाक मारायचात." ते खरं होतं.

शिकायला मी त्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागलो. दुकान दुपारी बंद ठेवायचं आणि जायचं. पहिल्या दिवशी त्याने मला रद्दी पत्र्याचे तुकडे दिले आणि बारीक तारेचं वेल्डिंगचं मशीन दिलं, ज्यात घोडा दाबला की तार आपोआप पुढे येते आणि वितळते. काळी काच डोळ्यांवर आली की आधी काहीच दिसत नाही. आपण आहोत, हात आहे, हातात बंदूक आहे, आणि समोर रात्रीपेक्षा काळं. मग घोडा दाबायचा, आणि त्या काळोखात एवढासा हिरवट सूर्य उगवतो. त्या सूर्याच्या कडेला वाटाण्याएवढं तळं होतं, लाल, थरथरणारं. सगळं वेल्डिंग म्हणजे ते तळं सांभाळणं, असं मेहुणा म्हणतो. थांबलात की ते खाली पडतं, भोक. पळालात की ते धरतच नाही. माझी पहिली भोकं बघून तो म्हणाला, "भाऊजी, ही जाळीच तयार झाली. खिडकीला लावू या." पण मला तिथे बरं वाटायचं. काचेच्या आत दुसरं काही दिसत नाही. भेटायला येणाऱ्यांचे चेहरे नाहीत, तिची चप्पल नाही, न्हाणीघरातला तिचा कंगवा नाही. फक्त ते तळं. एकदा मी काच पाडायच्या आधीच घोडा दाबला, दोन-तीनदा दाबला, आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, घळाघळा पाणी वाहायला लागलं. शेजारच्या वहिनी दाराशी आल्या, माझं तोंड बघून त्यांचेही डोळे भरले, म्हणाल्या, रडून घ्या, मोकळे व्हा. मला खरं कारण सांगायची लाज वाटली. त्या बिचाऱ्या किती वेळ माझ्याबरोबर रडत बसल्या. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "रडायचं असेल तर काच घालून रडा. मी तसंच करतो." आणि लगेच वळून ग्राइंडर चालू केला, म्हणजे मला पुढे काही विचारता येऊ नये.

एक मात्र मला पहिल्यापासून येत होतं. पत्र्याला पत्रा जोडताना एका टोकाकडून सलग जोडत गेलं तर तो उष्णतेने ओढला जातो, वेडावाकडा होतो. म्हणून आधी लांब लांब ठिपके मारायचे, एक इकडे, एक तिकडे, मग मधे, मग निवू द्यायचं. ही तर कच्ची शिवण. कुठल्याही कोटाची बाही मी आधी कच्ची घालतो, पांढऱ्या दोऱ्याने, अंगावर चढवून बघतो, मग पक्की. मेहुण्याने माझे ठिपके बघितले आणि गप्प झाला. त्याच्या बाबतीत गप्प होणं ही शाबासकी. मला गर्व झाला. मागची जमीन मी शेडमध्ये एकट्याने केली. सीट काढल्या, गालिचा काढला, पेट्रोलची नळी ओल्या चिंध्यांनी गुंडाळली, पाण्याची बादली भरून ठेवली. कुजलेला पत्रा ग्राइंडरच्या चकतीने कापताना गंजाची लाल पूड उडायची, ती जिभेवर यायची. तिला लोखंडाची चव होती आणि दमट वास होता. हे तिच्या बाटल्यांचं पाणी, मला वाटायचं. सगळ्या गावाच्या नळांना थंड ठेवणारा बर्फ. तो इथे मुरला, आणि मी आता तो कापून काढतो आहे. एखादं भोक पडलं की मी काच वर करायचो आणि खालची शेडची माती दिसायची, तिच्यावर माझ्याच ठिणग्या विझत असायच्या. जमीन झाली. तिच्यावर उभा राहिलो, नाचलोसुद्धा थोडा. ती हलली नाही.

मग उंबरा. मेहुणा आदल्या दिवशी सांगून गेला होता, "दार उतरवा, पण कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी रूळ जोडून घ्या. खांबापासून खांबापर्यंत. गाडीचं वजन त्या उंबऱ्यावर असतं. तो काढला की पोट खाली येणार." मी हो म्हटलं. पण रूळ जोडायचा म्हणजे चांगल्या खांबांवर जाळायचं. तिथला रंग अजून तिने पुसलेला, चकचकीत, एक ओरखडा नाही. चांगल्या कापडाला विनाकारण सुई लावायची नाही, हे आमच्या धंद्यात रक्तात भिनलेलं असतं. मी म्हटलं, खालून लाकडी ठोकळ्याचा टेकू देतो, पुरे. ठोकळा लावला, बसवला, हाताने हलवून बघितला. मग उंबरा कापला. जुन्या पट्टीवरून नमुना घ्यावा असं ठरवलं होतं, पण ती हातात येईपर्यंत तिचे वाळक्या पानांसारखे तुकडे झाले. तेव्हा मी जे आयुष्यभर करत आलो तेच केलं. टेप काढला आणि जे समोर होतं त्याचं माप घेतलं. खांबापासून खांबापर्यंत, खाली, दोनदा. त्या मापाने पट्टी कापली, दुमडली, ठिपके मारले, निवू दिलं, मग पक्की केली. शिवण अशी सुरेख आली होती, की मी ओला फडका तिच्यावरून फिरवत बसलो. त्यानंतर दार बिजागरीवर चढवलं आणि ढकललं.

ते लागलं नाही. वर चौकटीच्या कोपऱ्यात अडकलं, आणि खाली उंबऱ्यापाशी कोपऱ्यात माझं बोट आरपार गेलं. मला वाटलं बिजागरी. परत काढलं, परत लावलं. तसंच. मग मी गाडीखाली वाकून बघितलं तेव्हा दिसलं, की शेडची माती मऊ होती आणि ठोकळा तिच्यात हळूच रुतला होता. मी माप घेत होतो तेव्हा गाडी आधीच खाली बसली होती. वाकलेल्या अंगाचं मी अचूक माप घेतलं होतं, आणि त्या वाकण्यावर अशी पक्की शिवण घातली होती, की आता ती कुणी म्हटलं तरी सरळ होणार नव्हती. मी बादली उपडी घालून तिच्यावर बसलो. शिंपी दुसरं काय करतो? एक खांदा खाली असलेला माणूस येतो, त्याला आपण सांगत नाही, बाबा, तुझा खांदा खाली आहे. आपण गुपचूप त्या बाजूला कापूस भरतो. पाठीला बाक असेल तर मागचा तुकडा लांब कापतो. अंग चुकत नाही, कापडाने जुळवून घ्यायचं. ह्याच न्यायाने ती गेल्यापासून मी वागत आलो होतो. पलंगाच्या मधोमध झोपायला लागलो. एकाच कपाचा चहा करायला शिकलो. लोक विचारायचे कसं चाललंय, मी म्हणायचो, चाललंय की. आणि सगळे म्हणायचे, मास्तर बरे सावरले.

मेहुणा आला. दाराकडे बघून त्याने वरच्या कोपऱ्यावर हात फिरवला. मी म्हटलं, "रूळ नाही लावला." "ते दिसतंय." मग म्हणाला, "असू दे, भाऊजी. बिजागरी ढिली करू, वरची कड थोडी घासू, दोन ठोके हाणू. दार लागेल. तपासणीवाला दार लावून बघतो, टेप घेऊन बसत नाही." मी विचारलं, "पास होईल?" "होईल. उंबरा भक्कम आहे. वाकडा आहे, पण भक्कम आहे. रस्त्यावर निम्म्या गाड्या वाकड्या आहेत, निम्मी माणसंही." आणि आम्ही तसंच केलं. हे मी लपवत नाही. कड घासली, बिजागरी सरकवली, खालच्या फटीत जाड रबर बसवलं. कापूस भरला. दार जरा उचलून ढकललं की लागायला लागलं. मला हायसं वाटलं आणि रात्री जेवण गेलं नाही.

सुट्टीला मुलगी आली. तपासणी पुढच्याच आठवड्यात होती. ती शेडमध्ये आली, नवी जमीन बघितली, वाकून शिवणीवर बोट फिरवलं. "हे तुम्ही केलंत?" मी मान हलवली. "खरंच तुम्ही? मामाने नाही?" मेहुणा म्हणाला, "मी फक्त टोमणे मारले." ती चालकाच्या बाजूने आत बसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. तिने दार ओढलं. ते वर अडकलं. तिने पुन्हा ओढलं. मी पुढे होऊन बाहेरून जरा उचललं, आणि मग ते लागलं. काचेच्या आतून ती माझ्याकडे बघून हसली, काच खाली केली आणि म्हणाली, "चालेल, बाबा. छान झालंय. चालेल." तिने ते मायेने म्हटलं होतं. पण तिला मी लहानपणापासून ओळखतो. हा शब्द ती दवाखान्यात इंजेक्शनच्या आधी म्हणायची. आणि मला एकदम आठवलं, की त्या शब्दावर तिची आई किती चिडायची. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी म्हटलं होतं, बाई, नमुना थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल म्हणून लिहा ना. घरी येऊन ती भाजी चिरता चिरता सुरी रोखून मला म्हणाली होती, "पाण्यात चालेल नसतं. पोरांनी प्यावं किंवा पिऊ नये, एवढंच असतं."

मी मुलीला म्हटलं, "उतर." "का?" "गाडी वाकडी आहे. मी वाकडी शिवली आहे." ती उतरली. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, सोडा ना आता. पास होतेय." मी म्हटलं, "होईल. मग हिला ह्यात बसवून मी रस्त्यावर पाठवू? समोरून कुणी धडकलं तर हा उंबरा कुठे जाईल, तू सांग." फाटकं हत्तीला थोपवतात असं म्हणणारा माणूस विरळ भुवयांच्या कपाळावर आठ्या घालून जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कापायचा तर सगळा कापावा लागेल. आणि हे आठवड्यात होत नाही. तारीख जाईल." मुलगी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती भंगारवाल्याचं नाव काढणार. बोली तिचीच होती, आणि मी कबूल केलेली होती. ती म्हणाली, "पण किती वाकडी आहे ते कळणार कसं? आता खरं माप उरलंच नाही ना?" तेव्हा मेहुण्याने पलीकडच्या दाराकडे बोट दाखवलं. माझ्या बाजूच्या. तिथला उंबरा चांगला होता, त्याला पाणी लागलंच नव्हतं. मुलीने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं, मग दुसरं तिरपं. मग इकडे येऊन तेच. इकडचा फरक जवळजवळ दोन बोटांचा निघाला. एवढा फरक आम्ही घासून आणि रबर भरून झाकला होता. "बापरे," मुलगी म्हणाली. आणि टेप गुंडाळत हळूच म्हणाली, "तारीख जाऊ दे. पुढची मागून घेऊ. फोन मी करते." कुणाला करते ते मी विचारलं. "तपासणीवाल्याला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला?"

दुपारी मी माझीच शिवण कापली. दुसऱ्याचं काम उसवणं सोपं, स्वतःचं उसवायला वेगळंच काळीज लागतं. पत्रा सुटताना गाडीने कण्हल्यासारखा आवाज केला. ह्या वेळी खाली मातीवर जाड लोखंडी पाट टाकला होता आणि त्याच्यावर जॅक. मेहुणा जॅक फिरवायचा, मुलगी टेप धरायची, मी आकडा वाचायचो. थोडं उचलायचं, थांबायचं, मापायचं. वाकलेलं एकदम सरळ होत नाही. जोर केला तर दुसरीकडे मोडतं. ते सावकाश, आपल्या कलाने, पूर्वीच्या जागेची आठवण आल्यासारखं वर येतं. संध्याकाळपर्यंत बराच फरक गेला. मग ते थांबलं. मेहुणा म्हणाला, आज एवढंच, लोखंडालाही दम खाऊ द्या. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गावी गेली. जाताना तिने शेडमध्ये एकदा डोकावून बघितलं.

अजून अर्ध्या बोटाचा फरक आहे. तो निघाल्याशिवाय चौकटीत रूळ जोडता येत नाही, आणि रूळ जोडल्याशिवाय नवा उंबरा बसवता येत नाही. खांबांवरचा रंग रूळ जोडायच्या जागी घासून मी पत्रा उघडा केला आहे. नवी पट्टी अजून कापलेली नाही.